छपराला दोन फूट द्या: मुंबईच्या घरांचे नियम लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या घरांचे नियम, आराखडे आणि परवाने ज्यांच्या सहीने निघतात ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी,

सप्रेम नमस्कार.

मी भांडुप पश्चिमेला डोंगरावरच्या वस्तीत राहतो. धंद्याने वायरमन आहे. आमचं घर वडिलांनी आणि मी आमच्या हातांनी बांधलं. त्या घराचं छप्पर नोटीस आल्यामुळे मला यंदा खाली घ्यावं लागलं. नोटीस कुठल्या कार्यालयाची ते इथे लिहीत नाही. ज्यांनी ती काढली त्यांनी समोरचा नियम वाचला आणि टेप लावून मोजलं, एवढंच त्यांच्या हातात होतं. माझी तक्रार नियमाबद्दल आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

नियम तुम्हाला ठाऊक आहे. झोपडपट्टीतल्या घराची उंची 14 फुटांच्या वर जाता कामा नये. मी छप्पर त्याच्या वर साधारण दीड फूट नेलं होतं. त्या दीड फुटात मी खोली काढली नव्हती, माळा वाढवला नव्हता, भाडेकरू ठेवायची सोय केली नव्हती. तिथे नुसती हवा होती.

काम कसं केलं होतं ते नीट सांगतो, कारण नोटिशीत त्याला ‘वाढीव बांधकाम’ म्हटलं होतं. माळ्याच्या वर सिमेंट बोर्डाचं सीलिंग मारलं. त्याच्या वर दीड फूट मोकळी जागा सोडून अँगलवर पत्रा चढवला. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला. चुना दिला नाही, कारण चुना पत्र्यावर धरत नाही, पहिल्या पावसात पापुद्रे निघतात. मधल्या मोकळ्या जागेच्या दोन्ही टोकांना, वळचणीला आणि उंच बाजूला, चिमणी-उंदीर शिरू नयेत म्हणून बारीक जाळी लावली. उन्हाने पत्रा तापला की त्याच्या खालची हवा हलकी होऊन उंच बाजूच्या जाळीतून बाहेर पडायची आणि वळचणीच्या जाळीतून दुसरी हवा आत यायची. सीलिंगपर्यंत ताप पोचायच्या आधीच बराचसा वाहून जायचा. याला वीज लागत नाही, मोटर लागत नाही, बिघडण्यासारखं यात काही नाही. त्या छपराखाली माझी आई भर एप्रिलमध्ये दुपारी माळ्यावर जाऊन झोपली. ती सत्तरी ओलांडलेली आहे, तिला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, आणि या घरात राहायला आल्यापासून उन्हाळ्यातल्या दुपारी ती माळ्यावर पाय ठेवत नव्हती.

नोटीस आल्यावर सीलिंग काढलं, अँगल कापले आणि पत्रा पुन्हा डोक्यावर आणला. आई आता दुपारी पिंपळाच्या पारावर जाऊन बसते.

हे 14 फूट राहायला कसे लागतात ते सांगतो. आमचं घर 10 बाय 15 आहे. दीडशे चौरस फुटांत आई, मी, बायको आणि दोन मुलं. एवढ्या जागेत पोटमाळ्याशिवाय कुणाचंच भागत नाही. चौदाचे दोन भाग केले की सात-सात फूट येतात. मधल्या अँगलची आणि लाद्यांची जाडी वजा केली की माळ्यावर उंच बाजूला साडेसहा फूट उरतात आणि पाणी वाहून जाण्यासाठी उतार द्यावाच लागतो म्हणून वळचणीकडे त्याहून बरेच कमी. तिथे अंथरुणात बसून हात वर केला की पत्रा लागतो. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर, म्हणजे 9 फूट सांगितली आहे. आमच्या दोन्ही मजल्यांना ती मिळणं नियमानेच अशक्य केलं आहे. अशा माळ्यावर सीलिंग मारायचं तर आणखी फूटभर उंची घालवायची आणि घरात वाकून चालायचं. म्हणून लोक सीलिंग मारत नाहीत. लोकांना कळत नाही असा समज कुणी करून घेऊ नये.

उन्हाळ्याच्या दुपारी उघडा पत्रा 60 अंशांच्या वर सहज जातो. मग संध्याकाळपर्यंत तो माणसाच्या डोक्यावर हातभर अंतरावरून उष्णता फेकत राहतो. पंखा लावला तर माळ्यावर साचलेली तीच गरम हवा अंगावर येते. छताचा पंखा तर अशा माळ्यावर लावताच येत नाही, पात्याला हात लागेल. मला कामाला बोलावणाऱ्यांना मी हे सांगतो आणि भिंतीचा पंखा लावून देतो, पण त्याने ताप जात नाही हे मला आणि त्यांना दोघांनाही माहीत असतं. कूलरचा इथे उपयोग नाही. मुंबईच्या दमट हवेत पाणी वाळतच नाही तर गारवा येणार कुठून? वस्तीतल्या बायका छपरावर गोणपाट टाकून त्यावर पाणी मारायच्या. डोंगरावर पाणी ठरावीक वेळ येतं, तेही वरच्या घरांना बारीक धारेने. ते छपरावर ओतायचं की हंड्यात भरायचं?

दरवर्षी मार्चपासून सूचना सुरू होतात: दुपारी 12 ते 3 या वेळात उन्हात जाऊ नका, घरातच थांबा. 2025 साली तर फेब्रुवारीतच मुंबईला उष्णतेच्या लाटेचा इशारा आला. किनारपट्टीवर तापमान 37 अंश किंवा त्याहून वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं की लाट धरतात. हे आकडे सांताक्रूझ आणि कुलाबा इथल्या वेधशाळांमधून येतात. तिथला तापमापक कशात ठेवतात हे एकदा आठवून पाहावं, ही विनंती. पांढरी रंगवलेली लाकडी पेटी. चारही बाजूंना दुहेरी झडपा. वर दुहेरी छप्पर. जमिनीपासून उचललेली, आतून वारा खेळता. पेटीच तापली तर आतला आकडा खोटा ठरेल म्हणून शास्त्राने ही काळजी घेतली. पांढरं छप्पर, दुहेरी छप्पर आणि मधून खेळती हवा, हीच काळजी मी माणसांसाठी मागतो आहे. माझ्या घरावर मी तेच केलं होतं.

‘घरातच थांबा’ हा सल्ला आमच्या वस्तीत पाळता येत नाही, कारण दुपारी दोन वाजता आमचं घर गल्लीपेक्षा गरम असतं. आणि घरात कोण असतं? म्हातारी माणसं, तान्ही मुलं, आजारी माणसं आणि घरी बसून काम करणाऱ्या बायका. माझी बायको डबे करते. गॅस पेटलेला, वर पत्रा, दार तीन फुटांच्या बोळात उघडणारं. माझी मुलगी दहावीला आहे. तिच्या परीक्षेचे दिवस नेमके पत्रा तापायला लागण्याचे असतात. ती अभ्यासिकेत जागा मिळवण्यासाठी सकाळी रांगेत उभी राहते. ते ती आनंदाने करते, पण घरात अभ्यास करता येणं हा तिचा हक्क आहे असं मी मानतो.

आता तुमच्या कागदांकडे येतो.

केंद्राने 2018 साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. चांगली संहिता आहे. भिंतीतून आणि छपरातून किती उष्णता आत यावी याला तिने मर्यादा घातली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत उघडणाऱ्या दार-खिडक्यांचं क्षेत्र घराच्या चटई क्षेत्राच्या किमान 16.66 टक्के असावं असं सांगितलं. पण 2018 ची ती संहिता होती 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींसाठी. आमचं घर 14 चौरस मीटरचं. आमच्यासारखी छत्तीस घरं जोडली तर त्या संहितेच्या दारापर्यंत पोचतील. छोट्या घरावर कागदपत्रांचं ओझं नको म्हणून ही मर्यादा ठेवली असेल तर ते मी समजू शकतो. सक्ती नको, पण त्या संहितेतलं शहाणपण छोट्या घराला आपणहून लागू करायचं म्हटलं तर मध्ये दुसरा नियम आडवा येऊ नये, एवढी अपेक्षा गैर आहे का?

आमच्या घरांबद्दल एक गोष्ट कुठल्याच आराखड्यात मला ठळक लिहिलेली दिसली नाही, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. आमच्या घरांच्या तीन भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेल्या असतात. चौथ्या बाजूला बोळ. बोळात ऊन क्वचितच उतरतं. म्हणजे सूर्य आमच्या घराला एकाच जागी भेटतो, छपरावर. उंच इमारतीत भिंती, काचा, छज्जे, दिशा, सगळ्यांचा विचार करावा लागतो. आमच्याकडे छप्पर सुधारलं की जवळपास सगळं घर सुधारलं. गरम हवा बाहेर काढायलाही छपराशिवाय दुसरी वाट नाही. इतक्या कमी खर्चात इतका गुण देणारी दुसरी दुरुस्ती शहरात सापडणार नाही. आणि नेमकी तीच करायला उंचीचा नियम जागा देत नाही.

मार्च 2022 मध्ये मुंबईचा वातावरण कृती आराखडा जाहीर झाला. 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं ध्येय त्यात आहे, ऊर्जा आणि इमारती हा त्यातला एक मुख्य विषय आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे या शहरातले सुमारे 52 लाख लोक झोपडपट्टीत राहतात, म्हणजे दहातले चार. त्यातल्या बहुतेकांची घरं त्यांनी किंवा त्यांच्या आईबापांनी बांधलेली आहेत. ताडपत्री आणि बांबू, मग पत्रा, मग अर्ध्या विटेची भिंत, मग लादी. जसा पैसा हाती आला तसं घर चढत गेलं. आमचं तसंच झालं. गावच्या मंडळाची भिशी लागली तेव्हा भिंती झाल्या, पतपेढीचं कर्ज फिटलं तेव्हा माळा झाला. इतक्या लोकांची घरं सोडून इमारतींच्या ऊर्जेचा हिशेब पुरा होईलच कसा?

योजनांचं म्हणाल तर फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण घर मालकीचं हवं आणि छप्पर सौर पॅनेल पेलणारं हवं. पंतप्रधान आवास योजनेत स्वतः घर बांधणाऱ्याला मदतीची सोय आहे, पण पायाखालची जमीन नावावर हवी. दोन्ही ठिकाणी आम्ही दारातूनच परत. यावर जास्त लिहीत नाही.

त्याऐवजी एसीबद्दल लिहितो, कारण ते माझ्या हाताखालचं काम आहे. अलीकडे दर उन्हाळ्यात वस्तीतून एसी बसवायला बोलावणी येतात. माणसं हप्त्यावर एसी घेतात. एसीवर वीजबचतीचे तारे असतात, फ्रिजवर तारे असतात, पंख्यावरही असतात. पण वरून तापलेला पत्रा ताप ओतत असेल तर पाच तारे घेऊन काय करणार? पत्र्याच्या खोलीत दुपारी एसी लावला तर कॉम्प्रेसर बंद होतच नाही, ठरवलेलं तापमान खोली गाठतच नाही. वापर पहिल्या 100 युनिटांच्या पुढे गेला की दर एकदम चढतो, हे प्रत्येक घरातल्या बाईला तोंडपाठ आहे. एसीचं बाहेरचं युनिट तीन फुटांच्या बोळातच लावावं लागतं, म्हणजे त्याची गरम हवा सरळ समोरच्यांच्या दारात. त्यांच्या घरात एसी नसतो. मीटर घेताना भार पंखा-टीव्ही-फ्रिजचा धरलेला, वायर तेवढ्याच जाडीची. त्यावर एसी चढला की वायर हाताला गरम लागते. मी आधी वायर बदलतो आणि मगच एसी लावतो, पण प्रत्येक जण तसं करत नाही. दाट वस्तीत एका ठिणगीचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको.

साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, नव्या प्रकारचा 30 च्या आसपास. एक टनाचा एसी हजाराच्या घरात. छप्पर बरं असेल तर आमच्यासारख्या घराचं पंख्यावर भागू शकतं. माझ्या घराचं भागत होतं.

आगीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. लोक गप्प बसून भाजून घेत नाहीत. पत्र्याखाली थर्माकोल लावतात, निवडणुकीचे फ्लेक्स ताणतात, प्लॅस्टिकचं सीलिंग करतात. ताप थोडा कमी होतो, पण आग लागली तर हेच सगळं पेटत खाली गळतं. यात दोष कुणाला द्यायचा? कुठलं सामान सुरक्षित, ते कसं लावायचं, कुठे मिळेल, हे मराठीत, हिंदीत साध्या कागदावर छापून कुणी वस्तीत कधी वाटलेलं माझ्या पाहण्यात नाही.

मुंबईला थंडी नसते असं धरूनच इथले सगळे विचार होतात. सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंशांपर्यंत पारा उतरला होता. तेवढी थंडी आता पडत नाही, पण आमच्या मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, जानेवारीतल्या पहाटे डोंगरावर चांगलंच गार होतं. निरभ्र रात्री पत्रा आपला सगळा ताप आकाशाला देऊन टाकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. मग आतल्या पाच माणसांच्या श्वासाची आणि सकाळच्या चहाच्या पातेल्याची वाफ त्याला लागते आणि पत्र्याला आतून थेंब धरतात. ते गोधडीवर पडतात. आई पहाटे उठून पायाशी घडी केलेलं प्लॅस्टिक गोधडीवर पसरते. धुरकट हवेमुळे त्याच दिवसांत खिडकी उघडावीशी वाटत नाही, त्यामुळे ओल घरातच राहते. खोकला होळीपर्यंत जात नाही. मे महिन्यात भाजणारा आणि जानेवारीत गळणारा पत्रा एकच आहे, आणि दोन्हीवरचा उपायही एकच: पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा आणि एक सुका थर. माझ्या त्या छपराखाली एक हिवाळाही गेला. गोधड्या कोरड्या होत्या.

आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातलं. तिथलं घर आजोबांनी आणि वाडीतल्या माणसांनी बांधलं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, वर वासे, रिपा आणि कौलं, पुढे पडवी. भर वैशाखात त्या माजघरात शिरलं की अंगावरचा घाम वाळतो, कारण दुपारचा ताप त्या भिंतीतून आत यायला रात्र होते आणि तोवर बाहेर गार झालेलं असतं. गरम हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाते. थंडीत चूल पेटली की तीच भिंत ऊब धरून ठेवते. आजोबांना यातलं काही कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. वडील मुंबईला आले तेव्हा हे सगळं त्यांना येत होतंच. पण कौलाला पत्र्यापेक्षा पुष्कळ जास्त उतार लागतो, उतार दिला की आढं वर जातं, आणि आढं वर गेलं की 14 फूट ओलांडले जातात. वजनही कितीतरी जास्त, अर्ध्या विटेच्या भिंतीला न पेलणारं. म्हणून पत्रा. बांधणाऱ्याच्या अंगात कसब होतं, पण ते वापरायला इथे जागाच नव्हती.

तुमच्याकडून जी उत्तरं येतील त्यांतली काही मला आत्ताच ऐकू येतात, म्हणून त्यांचाही विचार करतो.

एक उत्तर असं असेल की उद्या पुनर्विकास होईल, पक्की इमारत मिळेल, मग छपरावर खर्च कशाला? होऊ दे, आम्हाला आनंदच आहे. पण पात्रता, संमती, विकासक, न्यायालय या वाटेने योजना पुढे सरकायला किती वर्षं लागतात हे तुमच्याच फायलींमध्ये आहे. रंग, बोर्ड आणि जाळीचा खर्च त्या मानाने किरकोळ आहे, आणि आईला यंदाचा उन्हाळा यंदाच काढायचा आहे. शिवाय इमारत मिळाली की उजेड-वारा मिळाला असं होत नाही. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लुभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारती इतक्या जवळ उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर ऊनही नाही नि वाराही नाही. तिथल्या क्षयरोगाचा या बांधणीशी असलेला संबंध 2018 मध्ये अभ्यासातून पुढे आला.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे आणि मला ते पटतंही: दोन फूट दिले तर लोक त्यात आणखी एक माळा काढतील. काही काढतीलही. वस्तीत चार-चार माळे कसे चढतात, कमजोर पायावर ते कसे कोसळतात आणि त्यात माणसं कशी जातात, हे आम्ही तुमच्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. माझा मजल्यांवरच्या मर्यादेला विरोध नाही. मी एवढंच म्हणतो की मजला आणि छप्पर वेगळं मोजा. सीलिंगपर्यंतची उंची 14 फुटांतच ठेवा. त्याच्या वर छपराची पोकळी दोन फुटांपर्यंत मोजू नका, अट अशी की तिच्यात माणूस शिरू शकणार नाही, दोन्ही टोकांना जाळी असेल आणि छप्पर हलक्या पत्र्याचंच असेल. दोन फुटांच्या पोकळीत कुणी राहू शकत नाही. तपासायला शिडी आणि टेप पुरेल. मोठ्या इमारतींची उंची मोजताना गच्चीवरची पाण्याची टाकी, जिन्याची टोपी, लिफ्टची खोली वेगळी धरतात, कारण ती राहायची जागा नाही हे तुम्ही मान्य करता. तोच न्याय आम्हाला हवा.

आणि तिसरं, की जमीन तुमची नाही. हे खरं आहे. पण याच शहरात 1985 पासून जागतिक बँकेच्या मदतीने वस्तीसुधाराचा कार्यक्रम चालला. त्यात झोपडीधारकांच्या सहकारी संस्थांना जमीन भाडेपट्ट्याने दिली आणि घर सुधारायला कर्जही दिलं. चारकोप, गोराईला लहान लहान भूखंड, पाणी, गटार, रस्ता देऊन घर ज्याचं त्याने बांधायचं असं ठरलं. लोकांनी बांधली. आज तिथे जाऊन पाहा, उभी आहेत. तेव्हा जे प्रशासनाला जमलं ते आता अशक्य आहे असं मी मानत नाही.

बाहेरची उदाहरणंही आहेत. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचं धोरणच केलं, 2028 पर्यंतचं लक्ष्य ठरवून. मोठ्या इमारतींना सक्ती, लहान घरांना ऐच्छिक. महाराष्ट्राकडे असं धोरण असावं ही मागणी फार मोठी नाही.

तर आमच्या मागण्या अशा:

1. छपराची हवेशीर पोकळी वर सांगितलेल्या अटींवर 14 फुटांच्या मोजणीतून वगळावी. बाकी काही झालं नाही तरी हे एवढं व्हावं. याला तिजोरीतला एक रुपया लागत नाही.

2. पत्रा रंगवणं, त्याखाली सीलिंग मारणं, जाळी लावणं ही दुरुस्ती आहे, बांधकाम नाही, असं लेखी परिपत्रक काढून प्रत्येक विभाग कार्यालयात आणि वस्तीत लावावं. कागद नसला की मोबाईलवर फोटो काढून घाबरवणारी मधली माणसं तयार होतात आणि दुरुस्तीपेक्षा जास्त पैसे त्यांनाच जातात.

3. न पेटणाऱ्या सामानाची यादी, लावायची पद्धत आणि साधारण खर्च एका पानावर चित्रांसह द्यावा. ही यादी करताना शिक्षणसंस्थांमधल्या तज्ज्ञांबरोबर वस्तीतले गवंडी, फॅब्रिकेटर आणि वायरमनही बसवावेत. बोळातून आठ फुटी बोर्ड वळत नाही, हे त्यांनाच माहीत असतं.

4. उन्हाळ्याच्या तयारीच्या निधीतून दरवर्षी मार्चच्या आत पांढरा रंग द्यावा, सुरुवात अंगणवाड्या, बालवाड्या आणि वस्तीतल्या दवाखान्यांच्या छपरांपासून. घरांना रंग दिला तर लावायची मजुरी आम्ही घालू.

5. घरदुरुस्तीसाठी लहान रकमेचं कर्ज फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र) किंवा वीजबिलावर मिळावं. त्यासाठी पतपेढ्या आणि बचतगटांना हमी द्यावी.

6. काही वस्त्यांमध्ये पत्र्याखाली, माळ्यावर, तापमान आणि दमटपणा मोजणारी यंत्रं बसवावीत, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही, आणि ते आकडे लोकांना दिसावेत. उष्णतेचा इशारा देताना ते आकडे धरावेत. ज्यांची घरं तापतात त्यांच्यासाठी दुपारी शाळा, समाजमंदिरं आणि सभागृहं पंखे-पाण्यासह उघडी ठेवावीत.

पहिल्या दोन मागण्यांना फक्त सही लागते, तेव्हा त्या येत्या होळीच्या आत मार्गी लागाव्यात. बाकीच्यांसाठी वेळापत्रक जाहीर करावं.

माझे कापलेले अँगल आणि काढलेले बोर्ड घराच्या मागे ताडपत्रीखाली ठेवले आहेत. परिपत्रक निघालं की ते मी पुन्हा चढवीन. ते काम पाहायला तुमच्यापैकी कुणी अभियंता येणार असतील तर शिडी धरायला आणि माप द्यायला मी हजर आहे. शेजारच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांना तसंच छप्पर करून हवं आहे, त्यांची नावं आणि मापं लिहून तयार आहेत. ती या पत्रासोबत संबंधित कार्यालयात देत आहे.

कळावे,

आपला,
भांडुप (पश्चिम) येथील एक वायरमन